हकिकत ओल्या पायांच्या राज्याची

राज्ये होतात आणि जातात, सरहद्दी सरकतात, नद्या पात्र बदलतात, परंतु नाव एकदा चिकटले म्हणजे ते निघत नाही, आणि नाव एक वेळ हुकूम काढून बदलता येईल, टोपणनाव मात्र लोकांच्या जिभेवर मुक्काम करून राहते आणि तेथे सरकारचा अंमल चालत नाही. ऐशा एका टोपणनावावरून दुसऱ्या मजल्यावरील माहितीकोश कचेरीत एकवीस दिवस जी मोहीम चालली, तीत कोण कोणत्या टेबलावरून लढले, कोणी कोठे माघार घेतली आणि अखेर फत्ते कोणाची जाहली, ते जैसे घडले तैसे, पदरचे काही न घालता येथे लिहिले आहे. लिहिणाराने दोन्ही पक्षांकडचा चहा घेतलेला आहे, सबब पक्षपाताचा संशय कोणी घेऊ नये.

तर या राज्यास शेजारची राज्ये फार दिवसांपासून 'ओल्या पायांचे राज्य' म्हणत आणि येथील माणसांस 'ओलपाये' म्हणत. रयतेस त्याचे काही वाटत नसे. ओलपाये नावाचा फुटबॉलचा संघ होता, ओलपाये नावाचे चपलांचे दुकान होते आणि ते बरे चालत होते. परंतु हे नाव पडले कशावरून, ऐसे विचारता प्रत्येक जण निराळे सांगे. कोणी म्हणे येथे ओल फार. कोणी म्हणे येथील लोक पूर्वी मासे धरीत. कोणी म्हणे येथील पुरुष न्हाणीघरातून पाय न पुसता बाहेर येतात म्हणोन, आणि ही शेवटली उपपत्ती घरोघरी बायकांकडून पुराव्यानिशी मांडली जाई.

मग जाहले काय की सरहद्दीवरील रस्त्याच्या दुरुस्तीची बोलणी करावयास चार राज्यांचे मंत्री एके ठिकाणी जमले, आणि बोलणी आटोपून भेटवस्तू देण्याची वेळ आली तेव्हा शेजारच्या राज्याच्या मंत्र्याने आमच्या शिक्षणखात्याच्या मंत्रीबाईंस रंगीत कागदात बांधलेले एक पुडके दिले. मंत्रीबाईंनी ते सर्वांसमक्ष उघडिले. आत टॉवेल निघाला. मंत्री म्हणाले की पाय पुसावयास उपयोगी पडेल. मग तीनही राज्यांचे मंत्री हसले, त्यांचे सचिव हसले, पाणी देणारा हसला, आणि मंत्रीबाईही हसल्या, कारण समोर कॅमेरे होते. परंतु परतीच्या वाटेवर साडेचार तास त्या गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ड्रायव्हरास तेव्हाच कळों आले की आता कोणावर तरी आभाळ कोसळणार.

ते माहितीकोश कचेरीवर कोसळले. हुकूम सुटला तो येणेप्रमाणे: शाळा उघडण्यापूर्वी राज्य माहितीकोशाचे पहिले पान नवे करावे, तेच पान चौथीच्या पुस्तकात घालावे, राज्याच्या नावाचा उगम तेजस्वी असावा, टोपणनाव नवे व भारदस्त असावे, आणि पानावर पाण्याचा उल्लेख कोठेही नसावा.

कचेरीचे संचालकसाहेब म्हणजे मोठे मुत्सद्दी. वरून आलेल्या हुकमास त्यांनी तीस वर्षांत कधी नाही म्हटले नव्हते आणि एकही हुकूम मुदतीत पुरा केला नव्हता, व या दोन गुणांच्या बळावर ते या खुर्चीपर्यंत चढले होते. त्यांच्या दिमतीस दोन टंकलेखक, एक शिपाईमामा, आणि कुशीवर थाप मारल्याखेरीज कागद न सोडणारे एक छपाईयंत्र, इतकी फौज होती. एवढ्याने किल्ला सर होत नाही हे जाणोन साहेबांनी बाहेरून व्युत्पत्तीपंडित मागविले. हे पंडित ऐसे की त्यांस कोणताही शब्द द्यावा आणि त्यांनी त्याचे मूळ थेट सूर्यापर्यंत नेऊन पोचवावे. त्यांनी राज्याच्या नावाची अक्षरे सुटी केली, उन्हात ठेविली, पुन्हा जोडली, आणि पहिला अर्थ 'सुगंधी आभा' ऐसा काढिला. टंकलेखक म्हणाले, या नावाचा साबण आहे. मग पंडितांनी एक दिवस विश्रांती घेतली, अक्षरे दुसऱ्या बाजूने सोडविली, आणि नावाचा अर्थ 'तेजाचे प्रवेशद्वार' ऐसा सिद्ध केला, आणि राज्याचे नवे टोपणनाव 'तेजोद्वार राज्य' ठरले. साहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी कार्य झालेच ऐसे धरून पाटी रंगविणाऱ्यास त्याच दिवशी पाटीही सांगितली.

आता पान छापखान्यात जावयाचे. परंतु कचेरीच्या नियमांत एक नियम ऐसा की शेवटल्या मुद्रितावर मुद्रितशोधकाने 'वाचले, बरोबर आहे' ऐसे लिहोन सही केल्याखेरीज पान यंत्रावर चढू नये. हा नियम पूर्वी एकदा राज्याच्या क्षेत्रफळात एक शून्य जास्त पडले तेव्हा केलेला. त्या शून्याच्या जोरावर राज्याने एका रात्रीत सगळे शेजारी आणि बराचसा समुद्र गिळंकृत केला होता, आणि शेजाऱ्यांची खरमरीत पत्रे आली होती.

मुद्रितशोधक एक बाई होत्या. वय सत्तावन्न, नोकरी एकतीस वर्षे, निवृत्तीस सात महिने बाकी. ऱ्हस्वाची वेलांटी दीर्घ पडली की ती त्यांस हाताभर अंतरावरून दिसे, म्हणोन सगळी कचेरी त्यांस वेलांटीकाकू म्हणे, प्रथम मागून आणि मग तोंडावर. खिडकीकडे पाठ करून त्या बसत. ओळीखाली पट्टी धरीत, ओठ हलवीत वाचीत, आणि उजव्या कानामागे लाल पेन खोवलेले असे. या पेनास मोठे मोठे ग्रंथकार भीत.

काकूंनी पान घेतले आणि सकाळच्या चहापासून दुपारच्या चहापर्यंत त्यात एकेचाळीस चुका धरिल्या. तेजोद्वार हा शब्दच टंकलेखकांनी चार तऱ्हांनी लिहिला होता. त्या सर्व दुरुस्त केल्या. मग नावाच्या उगमाचे जे वाक्य, त्यापाशी त्यांची पट्टी थांबली. ते वाक्य त्यांनी तीनदा वाचले. त्यात वेलांटी चुकलेली नव्हती, उकार चुकला नव्हता, पूर्णविरामही जागच्या जागी. तरी काकूंनी समासात लाल शाईने एकच शब्द लिहिला: 'आधार?'

ही युद्धाची घोषणा, परंतु ते प्रथम कोणास उमजले नाही. टंकलेखकांनी एकेचाळीस चुका सुधारल्या आणि बेचाळिसावी खूण म्हणजे शाई उडाली असेल म्हणोन सोडून दिली. पान परत आले. काकूंनी पुन्हा लिहिले, आधार? पान पुन्हा गेले, पुन्हा आले, आणि तिसऱ्या खेपेस काकूंनी तोच शब्द लिहोन खाली दोन रेघा मारिल्या. मग मात्र साहेबांच्या केबिनीतून बोलावणे आले.

पंडित तेथे बसलेच होते. साहेबांनी काकूंस खुर्ची दिली, पंखा वाढविला, निवृत्तीनंतर काय बेत वगैरे विचारपूस केली, आणि मग मुद्द्यास हात घातला.

"काकू, तुमचं काम वेलांट्या बघायचं. अर्थ बघायला ही मोठी माणसं आहेत."

काकू म्हणाल्या, "वेलांटी कुठली द्यायची ते अर्थावरच ठरतं, साहेब. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे बिचारा. अर्थ न बघता मी कुठली देऊ?"

पंडितांनी घसा साफ करोन सांगितले की व्युत्पत्तीस आधार लागत नाही, प्रतिभा लागते. काकूंनी ते ऐकून घेतले आणि प्रतिभेचा पृष्ठ क्रमांक विचारला. तेव्हा साहेबांचा मुत्सद्दीपणा संपला आणि त्यांनी बजावले की आज सोमवार, शुक्रवारी मंत्रीबाई खासा पान पाहावयास येणार, तोवर काकूंनी या अर्थाविरुद्ध काही लेखी पुरावा आणून दाखवावा, नाही तर मुकाट्याने सही करावी, आणि सहीही न करतील तर उरलेले सात महिने तळघरातील दप्तरखान्यात काढावे. काकूंनी बरे म्हटले. बाहेर आल्यावर शिपाईमामांनी न सांगता पाण्याचा पेला पुढे केला.

येथे एक गोष्ट सांगणे जरूर आहे, नाही तर काकू हट्टी म्हणोन हटून बसल्या ऐसे वाटेल. काकूंची एकुलती लेक आठ वर्षांची असता शाळेच्या सहलीस शेजारच्या राज्यात गेली होती आणि तेथील पोरांनी तिला ओलपायी, ओलपायी म्हणोन चिडविले होते. ती घरी येऊन आईस विचारू लागली की आपल्याला असे का म्हणतात. काकूंस उत्तर ठाऊक नव्हते. त्या म्हणाल्या, मोठी झालीस की कळेल. लेक मोठी जाहली, शिकली, चौथीच्या वर्गाची बाई जाहली, आणि तिला काही कळले नाही, कारण काकूंसच कळले नव्हते. आता हे पान तीच वर्गात वाचून दाखविणार होती. त्या संध्याकाळी काकूंनी पोळपाटावरून मान न उचलता नवऱ्यास एवढेच सांगितले, "ती पोरांना हे वाचून दाखवणार, आणि खाली माझी सही."

काकूंचे यजमान म्हणजे एसटीसारख्या सरकारी बसगाडीवर चौतीस वर्षे काढून निवृत्त झालेले ड्रायव्हर. बोलणे कमी, कारण गाडी चालविताना ड्रायव्हरशी बोलू नये ऐसी पाटी आयुष्यभर डोक्यावर होती आणि ती त्यांनी घरीही मानली. ते म्हणाले, "उद्या मी येतो. गठ्ठे जड असतील." इतकीच मसलत जाहली आणि मोहीम ठरली.

मंगळवारी सकाळी काकूंनी तळघरावर चाल केली. चौतीस पायऱ्या, बाविसाव्या पायरीपासून दिवा नाही. खाली दप्तरखान्याचे दप्तरदार अण्णा बसत. अण्णांनी पुष्कळ वर्षांत कोणास दप्तर दाखविले नव्हते, कारण कोणी मागितलेच नव्हते, आणि आता कोणी मागते म्हणताच त्यांस एकदम सगळे नियम आठवले. ते म्हणाले, विनंतीचा तक्ता तीन प्रतींत भरून आणा. तक्ते तिसऱ्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्यावर कळले की तक्ते संपले, नवे छापावयाची मागणी करावयास जो तक्ता लागतो तोही संपला. मग काकू आपल्या टेबलाशी परतल्या, पट्टी घेऊन कोऱ्या कागदावर हुबेहूब तक्ता आखला, तीन वेळा आखला, त्यावर 'प्रपत्र' हा शब्द अण्णांच्या छापील नमुन्यात चुकला होता तो दुरुस्त करून लिहिला, आणि खाली नेऊन दिला. अण्णांनी तो दिव्याखाली धरून पाहिला. इतका सुबक तक्ता त्यांनी सरकारात पाहिला नव्हता. त्यांनी उठून कुलूप काढिले, यजमानांसाठी स्टूल पुसले, आणि त्या घडीपासून ते काकूंच्या पक्षास मिळाले.

मग तीन दिवस झुंज चालली. यजमान गठ्ठे उतरवीत, अण्णा गाठी सोडीत, काकू पट्टी धरून वाचीत. राज्यस्थापनेचे दप्तर पाहिले, त्यात मेजवान्यांच्या याद्या निघाल्या. नद्या व घाट यांचे दप्तर पाहिले, ते वाळवीने आधीच वाचून संपविले होते. सरहद्दीचे पाहिले, त्यात एका बैलावरून झालेला सोळा वर्षांचा पत्रव्यवहार निघाला आणि यजमानांनी तो बसून पुरा वाचला, कारण बैल शेवटी कोणाचा ठरला हे त्यांस जाणोन घ्यावयाचे होते. धुळीने तिघांचे चेहरे एका रंगाचे जाहले. जेवणाचा डबा तिघे मिळून खात, आणि अण्णा म्हणत की या खोलीत इतके बोलणे पूर्वी झालेले नाही. गुरुवारची दुपार उलटली. पुरावा कोठेच नाही. वर साहेबांनी विजय गृहीत धरून काकूंच्या बदलीचा हुकूम आगाऊच टंकून घेतला आणि सही करून ठेविला, म्हणजे शुक्रवारी धावपळ नको.

चार वाजता काकू थकून भिंतीशी टेकल्या. म्हणाल्या की सही करून टाकते, सात महिन्यांचा तर प्रश्न. यजमान पुढला गठ्ठा उतरवावयास स्टुलावर चढले. तो गठ्ठा 'किरकोळ बदनामी' या सदराचा. अण्णा म्हणाले, यात शिवीगाळीच्या तक्रारी आहेत, सोडा. काकूंनी केवळ सवयीने वरच्या यादीवर पट्टी ठेविली आणि ओठ हलवीत वाचू लागल्या, आणि सातव्या ओळीवर त्यांचे ओठ थांबले. तेथे लिहिले होते: नाव बुडाल्याबाबत, असामी एकशे चाळीस.

"अण्णा, हे बदनामीत कसं आलं?"

"नाव बुडालं म्हणजे बदनामीच की, काकू."

"एकशे चाळीस माणसांचं नाव एका दिवशी कसं बुडेल?" काकू उठोन उभ्या राहिल्या. "हे नाव नाही अण्णा, ही नाव आहे. पाण्यातली. होडी बुडाली होती, आणि कुणीतरी ती बदनामीत लावून टाकली."

कोण्या जुन्या कारकुनाने अर्थ न पाहता सदर घातले आणि राज्याचा इतिहास शंभरांहून अधिक वर्षे शिवीगाळीत पडून राहिला. यजमानांनी गठ्ठा दोन्ही हातांनी उतरविला. आत गंजलेल्या टाचणीने जोडलेले दोन कागद होते.

पहिला कागद म्हणजे राज्यस्थापनेसाठी सर्व मुलखांची एकत्र सभा ज्या दिवाणखान्यात भरली होती तेथील रखवालदाराची तक्रार. त्याने लिहिले होते की सभा तिसऱ्या दिवशी उठावयाच्या बेतात असता अकरा असामी आत आले, सर्वांचे पाय ओले व चिखलाचे, आणि नवा गालिचा दरवाजापासून मेजापर्यंत खराब जाहला. कारकुनाने कोठले म्हणोन विचारता त्यांतील म्हातारा आपल्या बोलीत म्हणाला की उतारावरून आलो, म्हणजे नदी जेथे पायी ओलांडता येते त्या जागेवरून. कारकुनास तेच मुलखाचे नाव वाटले आणि त्याने ते वहीत लिहिले, आणि तेच कायम जाहले. बाकीचे सभासद त्या दिवसापासून यांस ओल्या पायांचे म्हणोन हसतात, ऐसेही रखवालदाराने शेवटी नमूद केले होते, आणि गालिच्याची भरपाई मागितली होती.

दुसरा कागद म्हणजे त्या अकरा जणांचे उत्तर. ते असे की आम्ही सभेस वेळेवर निघालो होतो. उतारापाशी आलो तो पाणी अचानक चढले होते आणि वरच्या अंगास एक नाव उलटली होती, आणि त्यातील माणसे, बायका, पोरे मिळून एकशे चाळीस, मधल्या वाळूच्या बेटावर अडकली होती, आणि बेट लहान होत चालले होते. मग आम्ही रांग धरून पाण्यात उभे राहिलो आणि एका हातून दुसऱ्या हाती माणसे देत गेलो. दोन दिवस लागले. सर्व माणसे काठास आली. आम्ही पाण्यात उतरलो तेव्हा बारा होतो. बारावा वाटेत भेटलेला एक नावाडी, तो रांगेच्या टोकाला, जेथे ओढ फार तेथे उभा होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटले मूल हाती देऊन तो वाहून गेला. त्याचे नाव विचारावयाचे राहून गेले. सभेस उशीर जाहला त्याबद्दल माफी असावी. गालिच्याबद्दल माफी मागत नाही. गालिचा धुता येतो. खाली अकरा नावे व त्यांपुढे सह्या, त्यांतल्या सात अंगठ्याच्या.

काकूंनी कागद मोठ्याने वाचला आणि शेवटाशी तो यजमानांच्या हाती दिला, तेव्हा उरलेले यजमानांनी वाचले. मग अण्णा म्हणाले, "आणि मी याच्यावर बसून बत्तीस वर्षं डबा खातोय."

शुक्रवारी सकाळी काकूंनी ते दोन कागद साहेबांच्या मेजावर ठेविले. साहेबांनी वाचले आणि त्यांचा चेहरा ओल आलेल्या भिंतीसारखा जाहला, कारण कागद खरा होता हे त्यांस दिसत होते आणि त्यात पाणीच पाणी होते हेही दिसत होते. त्यांनी तहाची बोलणी लाविली. उतार ठेवावा, परंतु पाणी काढावे, ऐसी तोड त्यांनी सुचविली.

"साहेब, पाणी काढलं की उतार राहत नाही," काकू म्हणाल्या. "नुसता रस्ता राहतो."

मग साहेबांनी पंडितांकडे पाहिले. पंडितांनी कागद घेतला, चष्मा पुसला, वाचला, पुन्हा वाचला. सर्वांस वाटले की आता तोफांचा भडिमार होणार. परंतु येथे शत्रुपक्षाकडील एक शौर्य लिहिणे प्राप्त आहे. पंडित म्हणाले, "माझी व्युत्पत्ती सुंदर आहे. ही खरी आहे. दोन्ही एका पानावर बसणार नाहीत." आणि आपले नऊ पानी टिपण त्यांनी स्वतःच्या हाताने पिशवीत घालून घेतले. साहेब एकटे पडले.

अकरा वाजता मंत्रीबाई आल्या. बरोबर सचिव, फोटोवाला आणि पुष्पगुच्छ धरणारा इसम. साहेबांनी एका हातात तेजोद्वाराचे पान आणि दुसऱ्या हातात जुने कागद घेतले, आणि कोणता हात पुढे करावा हे न समजोन दोन्ही मागे घेतले. तेव्हा काकूंनी साहेबांच्या मागल्या हातातून कागद काढून मंत्रीबाईंपुढे ठेविले. एकतीस वर्षांत त्या मंत्र्यांसमोर प्रथमच बोलल्या आणि बोलल्या त्या एवढेच की आधी हे वाचा.

मंत्रीबाईंनी उभ्याने वाचावयास आरंभ केला आणि दुसऱ्या कागदाच्या मध्यावर त्या खाली बसल्या. फोटोवाल्यास हाताने थांबविले. कागद शेवटापर्यंत वाचला. मग त्यांनी सचिवास नव्हे, साहेबांस नव्हे, काकूंस विचारले.

"त्यांनी मला टॉवेल दिला, तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं?"

काकूंनी विचार केला. "काही म्हणायचं नाही, बाई. टॉवेल ठेवून घ्यायचा. पाय मात्र पुसायचे नाहीत."

मंत्रीबाई हसल्या, आणि या खेपेस कॅमेरा बंद होता. मग हुकूम सुटला: राज्याच्या नावाचा उगम कागदात आहे तसाच छापावा, पाण्यासकट. टोपणनाव ओल्या पायांचे राज्य हेच कायम असावे आणि त्याचे कारण खाली द्यावे. अकरा जणांची नावे पानावर घ्यावी. आणि साहेबांनी हात जोडून पाटीचा विषय काढिला तेव्हा ऐसाही हुकूम जाहला की रंगवून तयार असलेली तेजोद्वार ही पाटी कचेरीच्या वाहनतळाच्या फाटकावर लावावी. ती आजमितीस तेथे आहे, आणि तिच्याखालून स्कूटर काढताना लोकांस वाकावे लागते.

काकूंनी त्याच दिवशी नवे पान वाचिले, तीन चुका धरिल्या, समासात कोठेही प्रश्नचिन्ह न घालता 'वाचले, बरोबर आहे' ऐसे लिहोन सही केली. कचेरीत चहा फिरला. फत्ते जाहली ऐसे सर्वांस वाटले, आणि साहेबांनी तर आपण प्रथमपासून हेच म्हणत होतो ऐसे दोघांतिघांस सांगितले.

परंतु गुरुवारी आगाऊ काढलेला बदलीचा हुकूम कोणाच्या ध्यानात राहिला नाही. तो आपल्या पायांनी टपालात गेला, आवक नोंदला गेला, जावक नोंदला गेला, आणि सोमवारी काकूंच्या हाती पडला. साहेब फार ओशाळले. त्यांनी तो रद्द करण्याचा पुष्कळ यत्न केला. परंतु निघालेला हुकूम रद्द करावयास एक तक्ता लागतो, आणि तो तिसऱ्या मजल्यावर संपला होता. काकू तो हाताने आखून देऊ शकल्या असत्या. त्यांनी आखला नाही. पट्टी, लाल पेन आणि चहाचा पेला घेऊन त्या चौतीस पायऱ्या उतरल्या. यजमानांनी बाविसाव्या पायरीवर दिवा बसवून दिला. अण्णांनी दुसरे टेबल पुसून ठेविले होते. तेथे काकूंनी 'किरकोळ बदनामी' हे सदर पहिल्या कागदापासून पुन्हा वाचावयास घेतले, कारण अजून काय काय चुकून तेथे पडले असेल ते कोणास सांगता येत नव्हते.

चौथ्या दिवशी छापखान्याचा यंत्रचालक पान घेऊन धापा टाकीत खाली आला. यंत्र थांबवून आला होता. म्हणाला की काकू, तुमच्या हातून चूक राहिलेली मी आयुष्यात प्रथम पाहिली, म्हणोन साहेबांस न सांगता परस्पर आलो. त्याने बोट ठेवून दाखविले. नावांची यादी होती. एक ते अकरा आकड्यांपुढे अकरा नावे होती. त्याखाली बारा हा आकडा होता, आणि त्याच्यापुढे काही नव्हते. ओळ कोरी. नाव पडले असेल तर सांगा, जुळवून टाकतो, ऐसे त्याने म्हटले, आणि नाव नसेल तर आकडा काढतो, पोरे विचारतील हे काय म्हणोन.

काकूंनी कानामागले पेन काढिले. कोऱ्या ओळीखाली, मुद्रितशोधकांच्या रीतीप्रमाणे, ठिपक्यांची रेघ ओढली आणि समासात लिहिले: 'आहे तसे ठेवा.' मग त्यास म्हणाल्या, "विचारू देत."

येणेप्रमाणे राज्य माहितीकोशाचे पहिले पान व चौथीच्या पुस्तकाचे पान तीन, प्रती साठ हजार, शाळा उघडण्याच्या दोन दिवस आधी छापून बाहेर पडले. नावाचा उगम आधारासह नोंदला गेला. टोपणनाव कायम जाहले. बारावी ओळ कोरी राहिली, ती चूक नव्हे. मुद्रितशोधकाची सही आहे.